बायडाबाईची फिर्याद

मु. कडा, ता. आष्टी
५ जुलै १९१५

चि. कडूस, भिवराआक्काचा आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही दोघे देवाच्या दयेने बरे आहोत. तुम्ही तिघे बरे असालच, त्याची मला काळजी नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण तू चार ओळी लिहितेस तेवढ्या वेळात माझी एक होते. तू मिशनच्या बोर्डिंगात शिकलीस, मी विसाव्या वर्षी पोर मांडीवर घेऊन पाटी गिरवली. टपालवाला तुझे पाकीट हातात देताना दर वेळी विचारतो, की हे अक्षर खरंच तुमच्या सख्ख्या बहिणीचं हाय का. मी सांगते की सख्खीच आहे. फक्त ती बीडला मुलींच्या शाळेची मोठी मास्तरीण आहे, आणि मी धानोऱ्यापर्यंत पायपीट करून बायाबापड्यांना शास्त्र वाचून दाखवणारी बायबलबाई.

तुझ्या पाकिटात सत्यभामेची चिठ्ठी होती. मोजून तीन ओळी, आणि खाली सही ‘कृपा’. ही कृपा कोण? पाळकांनी बाप्तिस्मा दिला तेव्हा सत्यभामा हेच नाव घेतले होते, मी तिथे उभी होते. एका वर्षासाठी पोर तुझ्याकडे शिकायला पाठवली, तर वर्षाच्या आत नावसुद्धा बदलले. शिवाय गावचा उत्तरेश्वर मुनसफाच्या कचेरीत तारखेला आला होता, तो तुमच्या घरी पाणी पिऊन गेला. त्याने येऊन सांगितले की पोरगी लई गोड बोलते आणि तुला आई म्हणते. मला ती माय म्हणते. आमच्याकडे सगळ्यांची मायच असते, त्यात वाईट काही नाही. पण शाळेतला धुतलेला शब्द तुला आणि चुलीपुढचा मला, ही वाटणी कुणी केली ते कळव. हे मी रागाने लिहीत नाही.

खरे काम वेगळेच आहे. आमच्या वाडीत बायडाबाई म्हणून एक आहे, तुला ती माहीत नाही. तिला एकच मुलगा. शेजारी मोठ्या घरची एक बाई राहते, तिला लेकरू नाही. तिने खाऊ देऊन, नवे कपडे शिवून त्या पोराचे मन असे वळवले, की तो आता आईच्या हाकेला ओ देत नाही. याची दाद कुठे मागायची? मन चोरल्याची फिर्याद तहसिलीत घेत नाहीत. बायडाबाईने माझ्याकडून एकशे नववे स्तोत्र ऐकले आहे. त्यात दावीद देवाला सांगतो की माझ्या वैऱ्याचे दिवस थोडे कर, त्याचा हुद्दा दुसऱ्याला दे, त्याचा वंश बुडव. ती विचारते की त्या बाईच्या नावाने हे स्तोत्र रोज म्हटले तर देव ऐकतो का, आणि म्हणणारीला पाप लागते का. मी अडाणी, काय सांगणार. तुझे गहिनीनाथ मास्तर उपदेशक आहेत, त्यांना विचारून सविस्तर लिही.

माया असू दे. जास्त असली तर माझ्या लेकीच्या हाती थोडी परत पाठव.
तुझी आक्का, भिवरा


बीड
१९ जुलै १९१५

ती. भिवराआक्कास, धाकट्या कडूचा लवून सलाम. वि. वि. तुझे पत्र वाचून हसले आणि मग थोडी रडले. दाजींना आमच्या दोघांचा सलाम सांग.

कृपा नावाचे एवढे मनावर घेऊ नकोस. तिच्या वर्गात तीन सत्यभामा आहेत, हाक मारली की तिघी उठतात. आणि आई म्हणण्याचे म्हणशील तर शाळेतल्या निम्म्या मुली मला आई म्हणतात. तुझी लेक वर्गात पहिली आहे. पेटीवर तिला चार गीते वाजवता येतात. परवा तिच्या केसांना मी खोबरेल लावून दोन वेण्या घातल्या तर मडमबाईसुद्धा वळून बघत होत्या. तू पाहिलीस तर ओळखणार नाहीस.

बायडाबाईचा प्रश्न मी ह्यांना विचारला. तुला माहीत आहे, ह्यांना काही विचारले की आधी चष्मा पुसतात. बराच वेळ चष्मा पुसला आणि मग सांगितले की शास्त्रात असे मागणारे पुष्कळ आहेत. दावीदाने ते स्तोत्र गायले, पण त्याचा वैरी शौल गुहेत त्याच्या हाती लागला तेव्हा त्याने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. प्रभूने सांगितलेली ती विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारात रोज जाऊन बसायची, आणि प्रभूने तिला नावे ठेवली नाहीत. वेदीखालचे हुतात्मेसुद्धा विचारतात की आमच्या रक्ताचा सूड कधी घेशील. पौल म्हणतो सूड देवाकडे सोपवा, म्हणजे सोपवायला हरकत नाही. ह्यांच्या मते फिर्यादी होणे पाप नाही, आपणच शिपाई होऊन वैऱ्याला बांधणे पाप. एवढेच, की फिर्यादीने न्यायाधीशापुढे आपल्या नावाने आणि आपल्या तोंडाने उभे राहावे, आणि तो आपल्यालाही चार प्रश्न विचारील याची तयारी ठेवावी.

हे झाले ह्यांचे. माझे विचारशील तर मला त्या बाईचा असा संताप आला की काय सांगू. देवाने आपल्याला दिले नाही म्हणून दुसरीचे ओढून घ्यायचे? मलाही लेकरू नाही, पण मी असे कधी करणार नाही. तू बायडाबाईला धीर दे. दोघे एकचित्त होऊन जे मागतील ते मिळेल असे वचन आहे. तिच्या वतीने तू तिकडे आणि मी इकडे, रोज दिवेलागणीला गुडघे टेकू. मी उद्यापासून सुरू करते. सत्यभामेलाही शेजारी बसवीन, लेकरांचे देव लवकर ऐकतो.

तुझ्या रागावरही माझा जीव आहे, तो कमी करू नकोस.
तुझी कडू


कडा
२ ऑगस्ट १९१५

चि. कडूस आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र मी चार वेळा वाचले. मास्तरांना सांग की कड्यासारख्या गावात असा खुलासा कुणी केला नसता. बायडाबाईला मी सगळे नीट समजावले आणि तिच्या जिवाला फार थंडावा वाटला. तू स्वतःहून जोडीला बसतेस म्हटल्यावर तर तिला हसू आवरेना.

आता रोज दिवेलागणीला आमचे चालू आहे. शुक्रवारी ती उपास करते. हुद्द्याची ओळ तिला सगळ्यात आवडते, ती ओळ ती दोनदा म्हणते. कारण त्या बाईला आपल्या मानाचा, आपल्या खुर्चीचा फार ताठा आहे. म्हणजे खुर्ची नव्हे, मोठ्या घराचा. पाटलीण सुभद्राबाईंच्या वाड्यावर मी परवा हे स्तोत्र वाचून दाखवले. त्या सुपारी कातरत म्हणाल्या की लईच लांबलचक हाय तुमचं, आमच्यात एका लिंबात काम होतं. मी त्यांना सांगितले की लिंबाचा शाप आंधळा असतो, आमचा देव दोन्ही बाजू बघून मग निकाल देतो. सांगताना माझा आवाज मोठा होता, पण घरी येताना ते वाक्य मी माझ्याशीच दोनदा पुटपुटले.

दोन वेण्यांचे वाचले. मी तिच्या एकाच वेणीला बोटाने तेल चोपडत होते, आणि ती ओरडायची की माय, डोकं वडू नको. आता ओरडत नसेल. बरे झाले.

तिच्या आठवणीचे बोलले की हे म्हणतात, त्यात काय, सकाळी गाडी जुंपतो आणि घेऊन येतो. तुझ्या दाजींना सगळ्या दुखण्यावर बैल हेच औषध ठाऊक. मी नको म्हटले. गाडीत घालून आणली तर नुसते अंग येईल. मला ती आपणहून यायला हवी, मायची आठवण झाली म्हणून. बाजरीच्या सुगीची सुट्टी लागेल तेव्हा तिला मुद्दाम काही सांगू नकोस, शिकवू नकोस. तिच्या मनाने काय करते ते मला बघायचे आहे. माझे सगळे त्यावर आहे, कडू, हे मी तुला उघड लिहिते.

बायडाबाईच्या पोरीसाठी, म्हणजे पोरासाठी, प्रार्थना सोडू नकोस.
लोभ करतेसच, तो कुणाकुणात वाटतेस तेवढे बघ.
भिवरा


बीड
६ सप्टेंबर १९१५

प्रिय मायला सत्यभामेचा सलाम. तुझी तब्येत चांगली असेल. माझी चांगली आहे.

माय, सुगीच्या सुट्टीत मी येणार नाही. आई म्हणाली की जायचे तर जा, तुझे तू ठरव. मग मी ठरवले. आम्हाला नाताळची गीते आतापासून बसवायची आहेत आणि पेटी मलाच वाजवायची आहे. आई म्हणजे मावशी. तू रागावू नकोस. दादांना सांग की माझ्या शेळीला विकू नका.

आम्ही रोज बायडाबाईसाठी प्रार्थना करतो. मावशी स्तोत्र वाचते आणि मी आमेन म्हणते. त्या दुष्ट बाईचे नाव आम्हाला माहीत नाही म्हणून मावशी म्हणते, जी कुणी असेल ती. मला ते स्तोत्र आता पाठ झाले आहे. तिची मुळे उपटून टाक, तिचे नाव पुढच्या पिढीत पुसून टाक, असे आम्ही म्हणतो. मी डोळे घट्ट मिटून म्हणते, म्हणजे तुझ्या बायडाबाईचे काम लवकर होईल. मावशी म्हणते की मी फार मनापासून आमेन म्हणते.

मावशीला पोटाचे काहीतरी झाले आहे. तिला भाकरीचा वास सहन होत नाही आणि सकाळी उलट्या होतात. आता तिसरा महिना आहे असे मुक्ताबाई दाई काकांना सांगत होत्या. मावशी आजारी आहे तरी काका दिवसभर गीते गुणगुणत असतात, याचे मला नवल वाटते. तू मावशीसाठी पण प्रार्थना कर.

तुझी आठवण येते. पेटी वाजवताना येत नाही, इतर वेळी येते.
तुझी आज्ञाधारक लेक, सत्यभामा


कडा
१२ सप्टेंबर १९१५

चि. कडूस आशीर्वाद. वि. वि. सत्यभामेच्या पत्रावरून कळले. सख्ख्या बहिणीला असली बातमी पोरीच्या पत्रातून कळावी, हे तुझे शिक्षण. सात वर्षे वाट बघितलीस आणि मला दोन अक्षरे लिहायला तुला सवड झाली नाही. पहिल्या क्षणी मला काय वाटले ते सांगू? वाटले, चला, आता हिला हिचे होईल आणि माझे मला परत मिळेल. अशी मी.

ते जाऊ दे. तातडीचे म्हणजे बायडाबाईचा राग निवळला आहे. पोरगा हल्ली घरी येतो. ती स्तोत्राची प्रार्थना आजपासून बंद कर. आजपासून म्हणजे हे पत्र हाती पडेल त्या घडीपासून. सत्यभामेलाही म्हणू देऊ नकोस, एक ओळसुद्धा. त्याऐवजी तेविसावे म्हणा, ते पोटुशीला चांगले.

जड उचलू नकोस. दुपारी पाठ टेकत जा. आपली आई सांगायची, या दिवसांत कुणाच्या तळतळाटात उभे राहू नये. तू शिकलेली, तुला हे खरे वाटणार नाही, तरी ऐक.

उत्तर उलट टपाली पाठव, मग हवी तर महिनाभर पाठवू नकोस.
भिवराआक्का


बीड
२७ सप्टेंबर १९१५

ती. आक्कास कृतानेक सलाम. वि. वि. चौथा महिना लागला. तुला कळवले नाही, त्याचे कारण तुझ्याशी दुरावा नव्हे. यापूर्वी दोनदा राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेले. ते मी ह्यांच्याशिवाय कुणालाही सांगितले नाही, तुलाही नाही. या वेळी महिना पार पडला की आधी आक्काला लिहायचे, असे ठरवून बसले होते. तेवढ्यात तुझ्या लेकीने बाजी मारली.

प्रार्थना मात्र मी थांबवणार नाही. आक्का, तू किती वर्षे शास्त्र वाचून दाखवतेस, तरी तुला कळले नाही? बायडाबाईचा राग निवळला नाही, ती घाबरली आहे. मोठ्या घरच्या बाईने दम दिला असेल. ती विधवा न्यायाधीशाच्या दारातून अर्ध्यात उठली असती तर तिला न्याय मिळाला असता का? उलट मी आता गुरुवारच्या बायकांच्या सभेत हा विषय ठेवला आहे. आम्ही अकरा जणी झालो. वंशाच्या ओळीला तर बायका इतक्या मोठ्याने आमेन म्हणतात की रस्त्यावरचे टांगेवाले थांबून बघतात. ज्या बाईने दुसरीची कूस रिकामी केली तिची कूस भरू नये, हा न्यायच आहे.

ह्यांना हे पसंत दिसत नाही. सारखा चष्मा पुसतात. फक्त एकदा म्हणाले की ज्याला शाप देणे आवडते त्याच्याकडेच तो परत येतो, अशी ओळही त्याच स्तोत्रात आहे. मी म्हटले, तो त्या बाईचाच प्रश्न.

एक काम कर. त्या बाईचे नाव कळव. नाव घेऊन मागितले म्हणजे प्रार्थनेला जोर येतो, असे सगळ्या जणींचे मत पडले.

माझ्यावर आणि आता माझ्यात आहे त्याच्यावरही तुझा हात असू दे.
तुझी कडू


कडा
४ ऑक्टोबर १९१५

कडू,

नाव विचारलेस. ती बाई तू. बायडाबाई मी.

आमच्या वाडीत त्या नावाची बाई आहे, पण तिला चार मुलगे आहेत आणि चौघे तिच्याच ताटाभोवती बसून जेवतात. तिच्या तोंडी मी माझे शब्द घातले, लेकीच्या जागी मुलगा म्हटले, कारण माझ्या नावाने विचारले असते तर तुला कळले असते. सत्यभामेचे पत्र येईपर्यंत दोन महिने मी रोज संध्याकाळी तुझी शाळा जावो, तुझा मान जावो, तुझे घर रिकामे राहो असे मागत होते. आणि तू तिकडे गुडघे टेकून माझ्या मागणीला जोड देत होतीस. माझ्या पोरीलाही आमेन म्हणायला बसवलेस. तिचे पत्र वाचले तेव्हा आधी मला बरे वाटले, की बघा, माझीच पोर हिच्याविरुद्ध देवाजवळ बोलते. मग त्याच पत्रात उलट्यांचे वाचले.

ते स्तोत्र मी सगळे वाचत होते. वंशाची ओळ आली की थांबत नव्हते. तुला मूल नाही, मग ती ओळ लागणार कुणाला, म्हणून वाचून टाकत होते. इतकी मी हिशेबी. आणि तेव्हा ते तुझ्या पोटात होते.

तुला वाटेल, आक्काला कशाचा एवढा हेवा. सांगते. पंधरा वर्षांपूर्वी, छप्पनच्या दुष्काळात, आई आपल्याला घेऊन नगरला चालत गेली. मडमबाई म्हणाली, बोर्डिंगात एकीचीच जागा आहे. आईने माझ्याकडे बघितले. मी चौदाची होते, तू नऊची. मी तुझा हात मडमेच्या हातात दिला. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही असे मी पंधरा वर्षे लोकांना सांगते. खोटे आहे. तुझे पहिले पत्र आले आणि ते वाचून घ्यायला मला दुसऱ्याच्या दारात जावे लागले, त्या दिवसापासून वाईट वाटते. अक्षर तुला, शाळा तुला, समजूतदार शिकलेला नवरा तुला. माझ्याजवळ एकच होते जे तुझ्याजवळ नव्हते. तिला मीच आपल्या हाताने तुझ्याकडे पाठवली, तिने शिकावे म्हणून, आणि ती तुझी झाली. दुसऱ्यांदा मीच हात दिला, कडू. मी जळणार नाही तर काय करणार?

मास्तर म्हणाले होते की फिर्यादीने आपल्या नावाने उभे राहावे. मी दुसरीचे नाव घेतले, आणि जिच्यावर फिर्याद तिलाच साक्षीला बसवले. हे पाप आहे हे मला कुणी सांगायला नको. पण मला आता एकच सांग, नाहीतर मास्तरांना विचारून सांग. शाप परत घेता येतो का? इसहाकाने याकोबाला दिलेला आशीर्वाद त्याला परत घेता आला नाही. एसाव मोठ्याने रडला तरी नाही. मग शापाचे काय होते? मी रोज उपास करते.

राग गेला का विचारशील, तर गेला नाही. पोर माझी आहे आणि तू ती घेतलीस. पण तुझ्या पोटातल्यावर माझी काहीही फिर्याद नाही, हे मी देवाला रोज ओरडून सांगते. तो ऐकतो का ते मला कळत नाही.

मला काही लिहायचे नसेल तर नुसता कोरा कागद पाठव. तू जिवंत आहेस आणि ते आहे, एवढे मला त्यावरून कळेल.
भिवरा


बीड
२१ नोव्हेंबर १९१५

ती. भिवराआक्कास सलाम.

दीड महिना मी तुला कोरा कागदही पाठवला नाही. तू तडफडावीस अशी माझी इच्छा होती. आता सहावा चालू आहे, मूल आत फिरते.

आधी ह्यांच्यावर चिडले, कारण ह्यांना तुझ्या दुसऱ्या पत्रापासून कळले होते. का बोलला नाहीत विचारले तर म्हणाले की तुझे तुला दिसेल असे वाटले होते. अकरा जणींत सगळ्यात आंधळी मीच होते. एका बाईने दुसरीचे पोर ओढले म्हणून मी तावातावाने प्रार्थना करत होते, आणि माझ्या शेजारी तुझे पोर बसले होते. गुरुवारी सभेत उभी राहून मी सांगितले की ती बाई मी. मुक्ताबाई दाई म्हणाल्या की मंग पोरगी दिऊन टाका की, रडता कावून.

तुझ्या पत्रानंतर तिसऱ्या दिवशी मी तेच स्तोत्र उघडले, या वेळी तुझ्या नावाने. तू माझ्या लेकराला बोललीस, मी तुझ्या लेकराला बोलणार होते. वंशाच्या ओळीपर्यंत आले आणि पुढे जाता येईना. तुझा वंश म्हणजे सत्यभामा, ती समोर बसून शुद्धलेखन लिहीत होती. मी पुस्तक मिटले. तू मला शाप देत होतीस तेव्हा तुझ्या आड असे कुणी आले नाही, एवढाच आपल्या दोघींत फरक. मी चांगली आहे असे त्यातून समजू नकोस.

कारण तुझी फिर्याद खरी आहे. तीन सत्यभामांची गोष्ट मी रचली, वर्गात ती एकटीच आहे. आई म्हणायला मीच शिकवले, आधी खेळात, मग सवयीने. तू बोर्डिंगातली जागा मला दिलीस म्हणतेस. नऊ वर्षांच्या मला एवढेच दिसले की तू आणि आई पाठमोऱ्या चालला आहात, दोघी मिळून, आणि मी एकटी मागे. मला भाकरी मिळाली आणि तुला आई मिळाली, आणखी सहा वर्षे. ती गेली तेव्हा तिचे तोंड तू पाहिलेस, मला पोस्टकार्ड आले. तुझी लेक माझ्या घरी आली तेव्हा मनात म्हटले, आता फिटले. हेवा एकट्या तुझा नाही, आक्का. तू तो देवाला ऐकवलास, मी तुझ्या लेकीच्या वेण्या घालत बसले.

शाप परत घेता येतो का, ते ह्यांना विचारले. चष्मा पुसून म्हणाले की बलामाने शाप द्यायला तोंड उघडले आणि देवाने त्यातून आशीर्वाद काढला. ते बलामाचे झाले. आपले काय होईल हे ह्यांनाही माहीत नाही, मी त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखले.

सातव्या महिन्यात मी कड्याला येते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे अशी आपली रीत, आणि आई नाही तेव्हा माझे माहेर म्हणजे तू. हे म्हणतात की नगरच्या दवाखान्यात सोय करू. मी नको म्हटले. मला तुझी भीती वाटते, हे तू समजून अस. तरी येते, कारण दुसरीकडे कुठे गेले तर पुढे जन्मभर आपण एकमेकींना पत्रेच लिहीत बसू.

सत्यभामेला मी सगळे सांगितले. ती दोन दिवस जेवली नाही, पेटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आपली ट्रंक आपण भरून ठेवली. तुला हवे होते तसेच झाले बघ, ती आपणहून घरी येते आहे. मायची आठवण आली का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली की मावशीला मायजवळ एकटी सोडायची न्हाई.

पण कुवार पोरीला बाळंतिणीच्या खोलीत कुणी घेत नाही. ती उंबऱ्याबाहेर बसेल. आत तू आणि मी. तेव्हा देवाजवळ काय मागायचे, ते तुझे तू ठरव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
कडू